शेवटून पहिलं

मुलांनो, तुमच्यापैकी गाण्याच्या स्पर्धेत शेवटून पहिलं कोण कोण आलं आहे? हात वर करा बघू! लाजायचं काही कारण नाही. मी माझा हात केव्हाच वर केला आहे.

ही डिसेंबर १९७४ ची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होते आणि आम्ही गोव्यात म्हापशाला राहत होतो. नाताळच्या सुट्टीआधी शाळाशाळांमधली भावगीतांची स्पर्धा झाली. आम्ही अकरा स्पर्धक होतो. पेटीवाल्या काकांनी पट्टी विचारली, तर मी ऐटीत सांगून टाकलं, "काळी पाच!" घरी मी इतक्या वरच्या पट्टीत कधी गुणगुणलेसुद्धा नव्हते. पण माझ्या आधीच्या मुलीने काळी चार सांगितली होती ना! मग मी तिच्या पुढे नको का जायला? व्हायचं तेच झालं. धृपद कसंबसं पार पडलं, अंतऱ्याला आवाज फाटला आणि त्या धसक्याने दुसरं कडवं साफ विसरले. पेटीवाले काका बिचारे एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत माझी वाट बघत बसले. निकाल फळ्यावर लिहिला होता, गुणांसकट. अकरावं नाव माझं.

घरी आले ती थेट मागच्या पडवीत जाऊन बसले. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये जांभ्या दगडांचा कमरेइतका गडगा होता. पलीकडे मेस्त राहायचे. चर्चमधल्या मुलांना गाणं आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या गुरुजींना गोव्यात 'मेस्त' म्हणतात. त्यांचं खरं नाव घेऊन कुणी हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. माझं मुसमुसणं त्यांच्या कानावर गेलं असावं.

"कितें जालें गो बाय?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. नुसतं विचारलं, "किती जणांत शेवटची?"

"अकरा."

"अकराच? मग काय एवढं! यो, तुला सतरांत शेवटचं आलेलं गाणं ऐकवतो."

इथे थोडं थांबून आमच्या घरातली एक अडचण सांगायला हवी. आमचे बाबा मूळचे सावंतवाडीचे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीसाठी हजारो सत्याग्रही पोर्तुगिजांच्या हद्दीत शिरले, त्यांत ते होते. पत्रादेवीला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, कितीतरी जण तिथेच पडले. बाबा वाचले, पण त्या दिवसापासून त्यांचा उजवा गुडघा कधीच नीट वाकला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि पुढे ते शिक्षक म्हणून म्हापशाला आले. ते शांत माणूस होते. पण मेस्तांच्या घरातून पोर्तुगीज गाणं ऐकू आलं की उठायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. एक शब्द न बोलता.

आई त्यांना चिडवायची. "गाणं ऐकायचं नाही, पण पाव चालतो, बटाटा चालतो! चावीसुद्धा त्यांचीच आणि पगारही त्यांचाच. तो तेवढा घेऊ नका या महिन्यात." हे सगळे शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले आहेत, हे मला तिच्या या थट्टेतूनच कळलं. बाबा हसायचे, खिडकी मात्र बंदच राहायची.

म्हणून गडग्यावरून दिवाळीचा फराळ पलीकडे जायचा, नाताळच्या नेवऱ्या आणि दोदोल अलीकडे यायचे, आई आणि मेस्तांची बायको तासन्‌तास गप्पा मारायच्या. पण बाबा आणि मेस्त यांच्यात रस्त्यात समोरासमोर आले की मान हलवायची, एवढाच व्यवहार. तेरा वर्षं शेजारी राहून!

तर त्या दिवशी मी बाबा घरी नाहीत असं बघून गडग्यावरून पलीकडे गेले.

मेस्तांचा भाचा तारवटी होता, म्हणजे बोटीवर नोकरीला. तो नाताळसाठी घरी आला होता आणि येताना लिस्बनहून एक छोटी तबकडी घेऊन आला होता. पंचेचाळीस फेऱ्यांची. आजच्या मुलांनी ती पाहिली नसेल. खायच्या बशीएवढी काळी चकती, मध्ये मोठं भोक, एका बाजूला एकच गाणं. मेस्तांनी ती शर्टाच्या बाहीने हलकेच पुसली आणि सुई टेकवली.

आधी वाद्यांचा एक मोठा लोंढा आला आणि मग एका पुरुषाचा भरदार, जरासा रडवेला आवाज. मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतोय तो?"

"याची मैत्रीण याला सोडून गेली. आता मी कोण, कशाला उरलो, असं स्वतःलाच विचारतोय. गाण्याचं नावच आहे 'ए देपॉइश दु आदेऊश'. निरोपानंतर."

'आदेऊश' ऐकल्यावर मात्र माझे कान टवकारले. तो शब्द आम्हाला ठाऊक होता. लग्न असो की मेजवानी, गोव्यातल्या समारंभात शेवटी एक मांडो म्हणतात, 'आदेऊस कोरचो वेळ पावलो', निरोप घ्यायची वेळ झाली. तोर्क्वातो द फिगेरेदो यांनी रचलेला हा मांडो मेस्त दर लग्नात व्हायोलिनवर वाजवायचे आणि आमच्या घरात खिडकी बंद असली तरी आम्हा सगळ्यांना तो पाठ होता. बाबांनासुद्धा.

मग मेस्तांनी स्पर्धेची हकीकत सांगितली. पुढे मोठी झाल्यावर मी स्वतःही पुष्कळ शोधून वाचलं. ते सगळं एकत्र करूनच तुम्हाला सांगते.

युरोपात दरवर्षी एक मोठी गाण्याची स्पर्धा होते. तिचं नाव युरोव्हिजन. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी ती सुरू झाली तेव्हा तीत अवघे सात देश होते. प्रत्येक देशाने एक नवं गाणं पाठवायचं, ते सगळं टेलिव्हिजनवरून एकाच वेळी देशोदेशी दिसायचं आणि मग परीक्षकांनी मतं द्यायची. स्वतःच्या देशाला मत द्यायचं नाही, हा पहिल्यापासूनचा नसला तरी फार जुना नियम. शाळेच्या स्पर्धेतही तो असता तर किती बरं झालं असतं!

६ एप्रिल १९७४ ची स्पर्धा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनच्या 'डोम' नाट्यगृहात भरली. खरं तर ती लक्झेंबर्गमध्ये व्हायची, कारण जिंकणाऱ्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची अशी रीत आहे. पण लक्झेंबर्ग तो एवढासा देश, लागोपाठ दोन वर्षं जिंकला आणि खर्चाला घाबरून म्हणाला, या वर्षी दुसऱ्या कुणीतरी बघा! एकूण ती स्पर्धाच चमत्कारिक झाली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पोंपिदू चारच दिवस आधी वारले, म्हणून फ्रान्सने माघार घेतली. इटलीचं गाणं दुसरं आलं, पण इटलीतल्या लोकांना त्या दिवशी ते टीव्हीवर दिसलंच नाही! का, ठाऊक आहे? तिथे पुढच्या महिन्यात घटस्फोटाच्या कायद्यावर सगळ्या देशाचं मतदान होतं आणि गाण्याचं नाव होतं 'सी', म्हणजे 'होय'. लोक ते ऐकून 'होय'वर शिक्का मारतील, अशी टीव्हीवाल्यांना धास्ती वाटली. एका प्रेमगीताला घाबरले हो!

पहिलं आलं स्वीडन. तुमच्या आईबाबांना विचारा, 'आबा' हा गट त्यांना नक्की आठवेल. त्यांचं 'वॉटर्लू' गाणं नेपोलियनच्या पराभवावरून सुचलेलं, म्हणून त्यांच्या वाद्यवृंदाचा संचालक चक्क नेपोलियनचा वेष करून आला. चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, चांदणीच्या आकाराची गिटार! २४ गुण मिळवून ते जिंकले आणि पुढे जगभर गाजले.

पोर्तुगालतर्फे पाउलो द कार्व्हाल्यो हा २६ वर्षांचा गायक उभा राहिला. शब्द जुझे निझा यांचे, चाल जुझे काल्व्हारियो यांची. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक होते आणि प्रत्येकाच्या हातात एकच मत. म्हणजे पोर्तुगाल सोडून बाकीच्या सोळा देशांचे मिळून १६० परीक्षक झाले. त्यांपैकी पोर्तुगालचं गाणं किती जणांना सगळ्यांत जास्त आवडलं असेल?

तिघांना.

नॉर्वे, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनाही तीनच मतं पडली. चौघं मिळून शेवटची. माझ्यासारखं एकटं फळ्याच्या तळाला राहावं लागलं नाही, एवढंच नशीब.

"बघितलंस?" मेस्त म्हणाले. "आता पुढची गंमत ऐक. त्यानंतर अठराच दिवसांनी या गाण्याने पोर्तुगालचं सरकार उलथवलं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. गाण्याने? सरकार?

पोर्तुगालमध्ये १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती आणि तेव्हापासून तिथे हुकूमशाहीच चालू होती. ज्या सालाझारने गोवा सोडायला नकार दिला, तो १९३२ पासून १९६८ पर्यंत पंतप्रधान होता. त्याच्या मागून मार्सेलो काएतानो आला. माणूस बदलला, कारभार तोच. गुप्त पोलीस कुणालाही उचलून न्यायचे. वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी छापण्याआधी सरकारी तपासनीस निळी पेन्सिल घेऊन वाचायचा आणि आवडणार नाही ते खोडून टाकायचा. आपल्या वहीवर बाईंची लाल रेघ येते ना, तशी तिथे सगळ्या देशावर निळी रेघ! गाण्यांवरसुद्धा. झेका अफोन्सो नावाचा एक गायक सरकारला इतका डोळ्यांत खुपायचा, की त्याचं नाव छापता येईना. तेव्हा पत्रकारांनी ते उलट्या अक्षरांत छापायला सुरुवात केली.

शिवाय १९६१ पासून आफ्रिकेत युद्ध चालू होतं. आधी अंगोला, मग गिनी, मग मोझांबिक. तिथल्या लोकांना स्वातंत्र्य हवं होतं आणि सरकार ते द्यायला तयार नव्हतं. विशीतली मुलं सक्तीने बोटीत घालून लढायला पाठवली जायची. तेरा वर्षं हे चाललं. अखेर तिथे लढून आलेले तरुण कॅप्टन आणि मेजर आपसांत गुपचूप भेटू लागले. त्यांनी ठरवलं, हे सरकारच घालवायचं.

पण कसं? वेगवेगळ्या छावण्यांतल्या लोकांनी एकाच वेळी निघायला हवं. टेलिफोनवर बोलावं तर गुप्त पोलीस ऐकणार. तेव्हा ओतेलो साराइव्हा द कार्व्हाल्यो या मेजरच्या आखणीत एक युक्ती निघाली. खूण रेडिओवरून द्यायची. अमुक वेळेला अमुक गाणं लागलं की समजायचं, तयार राहा.

कुठलं गाणं? झेका अफोन्सोसारख्या नकोशा माणसाचं गाणं अवेळी लागलं असतं, तर तपासनिसाच्या भुवया लगेच वर गेल्या असत्या. हवं होतं असं गाणं, जे कुणाच्याही मनात शंका आणणार नाही. नुकतंच युरोव्हिजनला जाऊन आलेलं, रेडिओवर सारखं वाजणारं, मैत्रीण सोडून गेल्याचं एक साधं गाणं!

२४ एप्रिल १९७४. रात्री अकराला पाच मिनिटं कमी. 'एमिसोरिश असोसियादूश द लिस्बोआ' या केंद्रावरच्या निवेदकाने वेळ सांगितली, गायकाचं आणि गाण्याचं नाव सांगितलं आणि तबकडी लावली. लिस्बनमधल्या हजारो घरांत ते वाजलं असेल. कुणी भांडी घासत असेल, कुणी झोपायच्या तयारीत असेल. कुणाला काय कळणार? पण छावण्यांमधून, मोटारींमधून घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या काही माणसांच्या अंगावर त्या पहिल्या सुरासरशी काटा उभा राहिला.

मला त्या माणसांचा विचार नेहमी येतो. समजा, त्या रात्री रेडिओची वीज गेली असती तर? निवेदकाने चुकून दुसरंच गाणं लावलं असतं तर? पकडले गेले असते तर त्यांचं काय झालं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ते तसेच ऐकत बसले, एका रडव्या प्रेमगीताचं शेवटचं कडवं संपेपर्यंत.

हे केंद्र लिस्बनच्या आसपासच ऐकू यायचं, म्हणून साऱ्या देशासाठी दुसरी खूण ठेवली होती. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी 'रादियो रेनासेंसा' या चर्चच्या केंद्रावरून 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' वाजलं. गाणारा कोण? तोच झेका अफोन्सो! या एका गाण्यावर निळी पेन्सिल फिरायची राहून गेली होती. त्यात एकही वाद्य नाही. सुरुवातीला खडीवरून चालणाऱ्या पावलांचा आवाज येतो, खर्र खर्र, खर्र खर्र, आणि त्या तालावर पुरुष एका सुरात गातात. ही खूण मिळाली की परत फिरायचं नाही, असं ठरलं होतं.

सांतारेंच्या छावणीतून साल्गेरो माया नावाचा २९ वर्षांचा कॅप्टन निघाला. त्याने सैनिकांना मध्यरात्री उठवून सांगितलं, ज्याला यायचं आहे त्याने बाहेर रांगेत उभं राहावं, नको असेल त्याने इथेच थांबावं. सगळेच रांगेत येऊन उभे राहिले. लिस्बनमध्ये शिरताना त्यांची पहिली गाडी म्हणे सिग्नलचा लाल दिवा बघून थांबली! राज्य उलथवायला निघालेले आणि वाहतुकीचा नियम पाळणारे! हा प्रसंग मला फार आवडतो. नदीकाठी सरकारच्या बाजूचे रणगाडे समोर आले आणि त्यांच्या अधिकाऱ्याने गोळे डागायचा हुकूम सोडला, तेव्हा रणगाड्यातल्या कॉर्पोरलने तो मानलाच नाही.

लोकांना घरात थांबा असं रेडिओवरून सांगत होते आणि लोक होते की रस्त्यावर! सेलेस्त काएरो ही बाई एका उपाहारगृहात कामाला होती. त्या दिवशी तिथला पहिला वाढदिवस साजरा व्हायचा होता, पण गडबडीमुळे मालकाने उपाहारगृह उघडलंच नाही आणि सजावटीसाठी आणलेली कार्नेशनची लाल-पांढरी फुलं कामगारांना वाटून टाकली. वाटेत एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याजवळ नव्हती, म्हणून तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने... संध्याकाळपर्यंत काएतानो शरण आला. गुप्त पोलिसांनी आपल्या कचेरीतून जमावावर गोळ्या झाडल्या, त्यांत चौघांचे जीव गेले. ते चार जण सोडले, तर अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात, जवळजवळ रक्त न सांडता संपली.

मेस्तांनी सांगितलं ते इतकं तपशीलवार नव्हतं, पण खुणेच्या गाण्याचं त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. मी डोळे मोठे करून ऐकत होते. आणि मग एकदम माझा विरस झाला.

"म्हणजे ते गाणं चांगलं होतं म्हणून नाही निवडलं?"

"नाही गो."

"कुणाला संशय येऊ नये म्हणून? साधंच होतं म्हणून?"

"होय."

"मग त्यात त्या गाण्याचं काय कौतुक!"

मला वाटलं होतं, मेस्त म्हणतील की परीक्षक मूर्ख होते, गाणं अप्रतिम होतं आणि शेवटी जगाला ते कळलं. म्हणजे मग माझ्याही बाबतीत तसंच काहीतरी असणार, नाही का? ते मेस्तांना बरोबर कळलं. ते म्हणाले, "बाय, परीक्षकांचं काही चुकलं नव्हतं. 'वॉटर्लू' याच्याहून चांगलं आहे. आणि तुझी पट्टी चुकली होती. उद्यापासून संध्याकाळी येत जा, तुझी पट्टी शोधू."

खरं सांगू? मला आजही ते गाणं फार थोर वाटत नाही. वाद्यांचा जरा जास्तच गलबला आहे त्यात. पण ती तबकडी आता माझ्याकडे आहे आणि दर २५ एप्रिलला मी ती लावते. पोर्तुगालमध्ये त्या दिवशी सुट्टी असते, स्वातंत्र्यदिन म्हणून. गाणाऱ्याला काय वाटत असेल, असा विचार मनात येतो. आपल्या गाण्यावर काय जोखीम ठेवली आहे, याची त्या रात्री त्याला काहीच कल्पना नव्हती. पोर्तुगालला पुढेही युरोव्हिजन जिंकायला फार वर्षं लागली. १९६४ मध्ये ते पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांना शून्य गुण मिळाले होते आणि २०१७ मध्ये साल्व्हादोर सोब्राल हा गायक बहिणीने रचलेलं हळुवार पोर्तुगीज गाणं गाऊन ७५८ गुणांनी पहिला आला, तोपर्यंत त्रेपन्न वर्षं उलटली होती. तो निकाल ऐकताना मला मेस्तांची फार आठवण झाली. ते त्यापूर्वीच गेले होते.

पण अजून गडग्याचं सांगायचं राहिलं.

१ जानेवारी १९७५ च्या सकाळी बाबा रेडिओला कान लावून बसले होते. आदल्या दिवशी दिल्लीत भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला होता. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचेच भाग आहेत, हे पोर्तुगालने अखेर मान्य केलं. आपल्या बाजूने सही केली ती परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी, त्यांच्या बाजूने मारियो सोआरेश यांनी. काएतानोच्या काळात हे सोआरेशच देशाबाहेर परागंदा झालेले होते. म्हणजे २५ एप्रिल झालं नसतं, तर हा करारही तेव्हा झाला नसता.

बाबांनी रेडिओ बंद केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईला म्हणाले, "मोहन रानड्यांना कुठे ठेवलं होतं, आठवतं?"

मोहन रानडे यांची गोष्ट बाबा आम्हाला नेहमी सांगायचे. सांगलीहून गोव्यात शिक्षक म्हणून आलेला हा तरुण मुक्तिलढ्यात उतरला, १९५५ मध्ये जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला, पण रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात कोंडलेलेच राहिले. त्यांना सोडवण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत संगीतकार सुधीर फडके होते. हो, गीतरामायणाचे बाबूजी! १९६९ मध्ये रानडे सुटले.

"काशियासला," आई म्हणाली.

"तोच किल्ला. एप्रिलमध्ये त्याचे दरवाजे उघडले. आतले सगळे राजकीय कैदी सोडले, पोर्तुगीजच होते ते. त्यांच्याच माणसांना त्यांनी कोंडून ठेवलं होतं."

मला राहवेना. मी बोलून गेले, "बाबा, ते ज्या गाण्याने सुरू झालं ना, ते गाणं मेस्तांकडे आहे!"

आईने माझ्याकडे डोळे वटारले. आता मी पलीकडे कधी गेले होते, का गेले होते, सगळं निघणार! पण बाबांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि फाटकातून बाहेर पडून, रस्त्याने वळसा घालून ते मेस्तांच्या दारात गेले. मी मागोमाग.

मेस्त बाल्कांवात बसले होते. ते गडबडीने उठले. "मास्तर! या, या. बसा."

"बातमी ऐकलीत?" बाबा म्हणाले.

"ऐकली."

दोघंही गप्प. मग बाबा म्हणाले, "ही म्हणते, तुमच्याकडे एक गाणं आहे."

मेस्त आत गेले. त्यांनी तबकडी बाहीने पुसली. या वेळी जरा जास्तच वेळ पुसत राहिले. सुई टेकली, वाद्यांचा लोंढा आला, तो रडवेला आवाज आला. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. इतक्या लक्षपूर्वक, की जणू त्यातून बुटांचा किंवा बंदुकीचा आवाज कुठे येतो का, ते शोधत होते. गाणं संपलं.

"हा 'आदेऊश' म्हणजे आपल्या मांड्यातलाच ना?" बाबांनी विचारलं.

"तोच," मेस्त म्हणाले.

"आणि बाकी काय आहे यात?"

"काही नाही मास्तर. बायको की मैत्रीण कोणीतरी निघून गेली, त्याचं रडगाणं."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबा थोडा वेळ तबकडीकडे बघत राहिले. ती अजून गरगर फिरत होती आणि सुई खरखरत होती. मेस्तांनी सुई उचलली आणि विचारलं, "मागची बाजू लावू?"

"नको," बाबा म्हणाले. "हीच परत लावा."